होजिचा

होजिचा : भाजलेल्या हिरव्या चहाचा जपानी प्रकार. वाफवून, वाळवून तयार झालेला चहा सुमारे २००° से. तापमानाला थोडाच वेळ भाजला की पाने तपकिरी होतात आणि अर्क तांबूस उतरतो. त्यासाठी बहुधा बांचा (जून पानांचा चहा), कुकिचा (देठांचा चहा) किंवा सेंचा (वाफवलेल्या पानांचा नेहमीचा हिरवा चहा) वापरतात. १९२० च्या दशकात क्योतोतील व्यापाऱ्यांनी मागे पडणारी जून पाने व देठ भाजून विकायला सुरुवात केली, असे सांगतात. या जन्मकथेमुळेच त्याला दुय्यम लेखले जाते. सेंचाचे माप लावले तर तो उणा ठरतोही. पण ते माप इथे गैरलागू आहे. सेंचात वाफ पानाचा हिरवेपणा राखते आणि चव त्या हिरवेपणावर उभी असते. होजिचात विस्तव तोच हिरवेपणा घालवतो व त्याजागी नवा गंध निर्माण करतो. पानातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्या अभिक्रियेतून पायराझिने तयार होतात. भाजलेले शेंगदाणे व कॉफी यांच्या वासातही याच गटातील संयुगे असतात. तेव्हा होजिचाची पारख भाजलेला जिन्नस म्हणूनच व्हायला हवी.

चहा करण्याची रीतही यातूनच ठरते. हिरव्या चहावर उकळते पाणी ओतू नये हा सल्ला सेंचासाठी योग्य आहे : ७०–८०° से. पाण्यात अमिनो आम्लांची गोडसर चव उतरते आणि तुरट कॅटेचिने मागे राहतात. होजिचात तुरटपणा मुळातच कमी आणि सारी मदार वासावर. तो वास खुलायला उष्णताच लागते. म्हणून पाणी उकळते घ्यावे, पण अर्ध्या ते एका मिनिटात चहा गाळून घ्यावा. जास्त वेळ ठेवल्यास सुवास वाढत नाही, जळकट कडवटपणा तेवढा पुढे येतो. भाजलेली पाने व देठ फुगून हलके झालेले असतात, त्यामुळे चमच्याच्या मापाने नेहमीपेक्षा अधिक घ्यावे लागतात. साधारण २०० मिलि. पाण्याला ४–५ ग्रॅम. दुसऱ्यांदा पाणी ओतले तर रंग येतो, वास फारसा येत नाही.

भाजल्याने हलका माल खपून जातो, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. स्वस्त होजिचात कधीकधी धुराशिवाय काही जाणवत नाही. मात्र यावरून हलका माल हीच होजिचाची अट आहे असे ठरत नाही. इशिकावा प्रांतातील कागा बोचा हा देठांचा होजिचा आहे. १९८३ साली सम्राट हिरोहितो तेथे आले, तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्या तोडणीचे निवडक देठ हलकेच भाजून तो केला गेला. त्याला गोडवा असतो, आणि तो देठांचा असतो. विस्तवाने आणलेला नव्हे. उलट टोकाला क्योतोचा इरिबांचा. त्याची न वळलेली पाने इतकी कडक भाजलेली असतात की नवख्याला त्यात लाकडाच्या धुराचाच वास येतो. कच्चा माल निरर्थक असता तर या दोहोंत फरक फक्त आचेचा उरला असता.

भाजताना कॅफीन उडून जाते, म्हणून होजिचा जवळजवळ कॅफीनमुक्त असतो, या प्रचाराला मात्र आवर घालायला हवा. थोडे कॅफीन उडते हे खरे. तरीही जपानच्या अधिकृत अन्नघटक सारणीत १०० मिलि. होजिचात सुमारे २० मिग्रॅ. कॅफीन दिले आहे. सेंचाचा आकडाही तोच आहे, आणि न भाजलेल्या बांचाचा सुमारे १० मिग्रॅ. टॅनिनही बांचात होजिचाहून किंचित कमीच आढळते. म्हणजे होजिचाच्या सौम्यपणाचे बरेचसे श्रेय जून पानांना व देठांना जाते. पहिल्या तोडणीच्या कोवळ्या पानांचा होजिचा रात्री घ्यायचा तर हे लक्षात ठेवलेले बरे.