तीस महिन्यांची रेघ

ब्रिटनमधल्या मांस-सुरक्षेच्या नियमांबद्दल एक मत चांगलेच रुजले आहे, आणि ते शहाण्यासुरत्या माणसांचे आहे म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे. जंतू काही शेतकऱ्याचा सातबारा पाहून येत नाहीत. पाच गुरांचा मालक असो की पाचशेंचा, नियम एकच हवा. ज्याला तो झेपत नाही त्याने धंदा सोडावा, असे ते मत. जुन्या जातींची गुरे पाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांची तक्रार या मंडळींना नुसता गतकाळाचा उमाळा वाटते. (गोमांस म्हटले की आपल्याकडे चर्चा तडक वेगळ्या वाटेला लागते. इथला प्रश्न तो नाही.)

पूर्वपक्षाचा पुरावा कच्चा नाही. नोव्हेंबर 1996 मध्ये स्कॉटलंडमधल्या विशॉ गावी एका खाटकाच्या दुकानातून ई. कोलाय ओ157 हा जंतू पसरला. शेकडो लोक आजारी पडले, वीसच्या आसपास माणसे दगावली, त्यांत बहुतेक वृद्ध. तेव्हा ‘छोटे ते शुद्ध’ हे म्हणणे सोडूनच दिलेले बरे. पण चौकशी करणाऱ्या प्रा. ह्यू पेनिंग्टन यांच्या समितीने भर कशावर दिला, तेही पाहावे: कच्चे आणि शिजवलेले मांस एकमेकांपासून काटेकोर वेगळे ठेवा, हाताळणाऱ्याला प्रशिक्षण द्या. दोष कृतीत होता, उपाय त्या कृतीवर होता. वेगळी सुरी आणि वेगळा ओटा छोट्या दुकानालाही परवडतो.

आता दुसरा नियम घेऊ. 20 मार्च 1996 रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले की, गाईगुरांचा बीएसई हा रोग, लोकांच्या तोंडचा ‘मॅड काऊ’, माणसाला बाधत असावा. त्यानंतर थोड्याच दिवसांत तीस महिन्यांहून मोठ्या जनावराचे मांस विकण्यास बंदी आली. जिवंत जनावराची खात्रीची चाचणी नव्हती. रोग अंगात मुरून बाहेर पडायला साधारण चार-पाच वर्षे लागत. म्हणून कोवळे जनावर त्यातल्या त्यात निर्धोक. त्या आठवड्यात कोणत्याही जबाबदार सरकारने दुसरे काही केले नसते.

पण रोग पसरला होता मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांच्या भुकटीतून, आणि ती भुकटी खुराकात मिसळली जाई प्रामुख्याने दुभत्या गाईंच्या. रोगी जनावरांत दुभत्या कळपांचाच भरणा मोठा होता. याउलट हायलँड जातीची झिपरी गाय डोंगरउतारावरच्या निकस गवतावर जगते आणि सावकाश वाढते. अडीच वर्षांत ती पुरती भरत नाही, तिसरे वर्ष उलटल्यावर कुठे अंग धरते. भरपूर दाणा खाऊन दीड-दोन वर्षांत तयार होणारा संकरित गोऱ्हा मात्र आरामात रेघेच्या अलीकडे राहतो. लक्षण बांधले वयाचे, दोष होता खुराकाचा. आपले नैयायिक याला अतिव्याप्ती, म्हणजे नको तिथेही लागू पडणारे लक्षण, म्हणून बाजूला सारतील.

सरकारला हे उमजले नव्हते असेही नाही. 1996 मध्येच गवतावर पोसलेल्या कळपांसाठी 42 महिन्यांपर्यंत सवलत देणारी योजना निघाली. पण कळपाचा वर्षानुवर्षांचा निर्दोष इतिहास सिद्ध करण्याच्या अटी अशा होत्या की ती थोड्यांनाच लाभली. मूळ बंदी उठली नोव्हेंबर 2005 मध्ये, साडेनऊ वर्षांनी. संकटकाळातला उपाय एवढा काळ चालला की त्याचे समर्थन ‘खबरदारी’ या एका शब्दावर भागत नाही.

तिसरी गोष्ट कत्तलखान्यांची, आणि माझ्या मते खरा घाव तिथेच बसला. 1990च्या दशकात युरोपीय नियमांनुसार सरकारी पशुवैद्याची देखरेख वाढली आणि तिचे शुल्क तासावर लागू लागले. दिवसाला दहा जनावरे कापणारा आणि पाचशे कापणारा, दोघांच्या दारात तास सारखाच मोजला जाई. जनावरामागे पडणारा खर्च मात्र सारखा नसे. 2000 साली मॅक्लीन समितीने हे मान्य करून छोट्यांसाठी जनावरामागे आकारणीची शिफारस केली आणि पुढच्या वर्षी ती अमलातही आली. तोवर पुष्कळ दारे बंद झाली होती. शिवाय बीएसईनंतर कवटी, मेंदू, मज्जारज्जू हे सारे वेगळे काढून, रंग लावून, नष्ट करायला पाठवावे लागले. जो टाकाऊ भाग पूर्वी चार पैसे देई, तोच आता पैसे खाऊ लागला. 2007 ते 2017 या दहा वर्षांत ब्रिटनमधल्या छोट्या कत्तलखान्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मिटले. सगळे पाप नियमांचे नाही, कातड्याचे पडलेले भाव आणि न मिळणारे कुशल कामगार हेही आहेच.

‘मग मोठ्या कत्तलखान्यात न्या,’ हे उत्तर तोंडावर तयार असते. हायलँड गाईची शिंगे ऐसपैस पसरलेली; बेशुद्ध करण्याच्या पिंजऱ्यात ती मावत नाहीत, आणि अनेक मोठे कारखाने शिंगांची गुरे घेतच नाहीत. घेतलीच, तरी एका शेतकऱ्याचे एकच जनावर वेगळे कापून, त्याचेच मांस तीन-चार आठवडे मुरवून परत देणे त्यांच्या पट्ट्यावर बसत नाही. आणि स्वतःचे मांस परत मिळाले नाही तर जुन्या जातीची वेगळी किंमत घ्यायची कशावर?

ऑर्कनी बेटांवरचा कत्तलखाना 2018च्या आरंभी बंद झाला. तिथल्या गोमांसाला युरोपातले संरक्षित नाव होते. अट अशी की गुरे बेटांवर जन्मावीत, वाढावीत आणि तिथेच कापली जावीत. तो मिटल्यावर ती जहाजात चढवून पेंटलंडच्या खवळत्या सामुद्रधुनीपार न्यावी लागली. या प्रवासाने मांस रतीभरही अधिक सुरक्षित झाले असे पूर्वपक्षानेही म्हटलेले नाही. नाव मात्र लावता येईना.