गंगाखेड : पोलीस अ‍ॅक्शननंतरची वर्षे

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे तालुक्याचे गाव. इथली माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. संत जनाबाईंचे हे जन्मगाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी मोहिमेला भारत सरकारने ‘पोलीस कारवाई’ म्हटले. मराठवाड्यात ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हेच नाव रुळले. रणगाड्यांच्या मोहिमेला पोलिसांचे नाव मिळाले, कारण हा घरातला प्रश्न आहे असे जगाला दाखवायचे होते. भारताविरुद्धची निजामाची तक्रार १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे आली. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि पुढे तक्रारही मागे घेतली.

संस्थानात बातमी छापणे जोखमीचे होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. भारतातल्या विलीनीकरणाची बाजू घेणे हा त्यांचा गुन्हा. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये पुण्याहून सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की ते दुसऱ्या नावाने निघे. निजामी राजवटीतून मुक्ती मिळाल्यावर ते उघडपणे निघू लागले आणि अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखाली १५ ऑगस्ट १९६८ रोजी दैनिक झाले. मात्र मोहिमेनंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची नोंद करणारा सुंदरलाल समितीचा अहवाल दशकानुदशके दडून राहिला. मुक्तीच्या इतिहासात हे पान सहसा गाळले जाते, ते गाळू नये.

खरी उलथापालथ शाळेत झाली. निजामी राजवटीत प्राथमिक इयत्तांपुरती मातृभाषा, वर गेले की उर्दू. उस्मानिया विद्यापीठ (१९१८) तर उर्दू माध्यमासाठीच निघालेले. घरी ओव्या ऐकणाऱ्या पोराला भूगोल आणि गणित उर्दूतून घोकावे लागे. बरीच पोरे तिथेच गळत. म्हणून हिप्परगा, अंबाजोगाई, सेलू इथल्या राष्ट्रीय वृत्तीच्या शाळा निजामविरोधी चळवळीचे अड्डे झाले. चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षकच. १९४८ नंतर मराठी माध्यम आले. सोय झाली, पण उर्दूत शिकलेल्या मास्तरांना नव्याने तयारी करावी लागली. फीचा हिशेबही अवघड : चारमिनारची छाप असलेले निजामाचे सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा कलदार रुपये.

मॅट्रिकनंतर पुढे काय, हा प्रश्न उरलाच होता. १९५० मध्ये औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय (पुढचे मिलिंद) आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५६ मध्ये परभणीत कृषी महाविद्यालय आले, त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‍घाटन झाले.

खेळांची गोष्ट थोडक्यात. लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने ब्रिटनला ४–० हरवून हॉकीचे सुवर्ण घेतले ते १२ ऑगस्ट १९४८ रोजी. तेव्हा गंगाखेड भारतात यायला महिनाभर बाकी होता. राजधानी हैदराबादेत फुटबॉलचे वेड मोठे : हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. खेड्यापाड्यांत मात्र जत्रेतली कुस्ती आणि हुतूतू. १९६१ ची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा औरंगाबादेत झाली, हा मराठवाड्याच्या आखाड्यांचा मान.

उर्दू शाळेतून हटली, सरकारी दप्तरातून नाही. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीतून जुन्या कुणबी नोंदी धुंडाळण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन गठ्ठे सोडल्यावर मोडीबरोबरच उर्दू वाचणाऱ्यांचीही गरज पडली.