झिलई, गडद पृष्ठांची

क्रमाने बारीक होत जाणाऱ्या अपघर्षकांनी (खरवडून किंवा घासून काढणाऱ्या कठीण पदार्थांनी) एखादा पृष्ठभाग घासून त्यास आरशासारखी चकाकी आणण्याच्या क्रियेस झिलई किंवा पॉलिश करणे असे म्हणतात. दगड, धातू, लाकूड, काच व रंगलेप या सर्वांवर ही क्रिया करता येते. तथापि काळ्या किंवा अतिगडद पृष्ठावर ती विशेष अवघड असते. कारण झिलई करणाऱ्या साधनाने स्वतःच पाडलेले सूक्ष्म ओरखडे अशा पृष्ठावर लपत नाहीत. मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला बीदरचा प्रदेश येथे या प्रश्नाचा इतिहास काळ्या दगडाच्या मूर्ती, बिदरी भांडी व काळ्या रंगाच्या मोटारगाड्या अशा तीन टप्प्यांत पाहावयास मिळतो.

गडद रंगाचे वैशिष्ट्य : सु. १·५ प्रणमनांक असलेल्या पारदर्शक लेपावर प्रकाश लंब दिशेने पडला, तर त्याचा सु. ४ टक्के भागच वरच्या पृष्ठावरून परावर्तित होतो. उरलेला प्रकाश आत शिरतो. पांढऱ्या रंगात त्यातील बराचसा भाग सर्व दिशांना विखुरला जाऊन परत बाहेर येतो. या विपुल प्रकाशात ओरखड्यांनी विखुरलेला अल्प प्रकाश बुडून जातो. काळ्या रंगात आत शिरलेला प्रकाश शोषला जातो. म्हणून डोळ्यांस जे दिसते, ते केवळ वरच्या पृष्ठाचे काम असते. पृष्ठ निर्दोष असेल, तर त्यात स्वच्छ प्रतिबिंब दिसते; त्यावर ओरखडे असतील, तर काळ्या पार्श्वभूमीवर ते पांढऱ्या रेषांप्रमाणे चमकतात. उन्हात किंवा दिव्याखाली हे ओरखडे प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे वर्तुळाकार मांडलेले भासतात. वस्तुतः ते सर्व दिशांना पसरलेले असतात. परंतु ज्यांची दिशा योग्य असते, त्यांनी परावर्तित केलेला प्रकाशच डोळ्यापर्यंत पोहोचतो व त्यामुळे वर्तुळांचा आभास होतो. पाहणारा जागेवरून हलला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात.

काळा दगड व बिदरी काम : नांदेड व लातूर जिल्ह्यांचा बहुतेक भूभाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. होट्टल (ता. देगलूर) येथील सिद्धेश्वर मंदिर आणि निलंगा येथील नीलकंठेश्वर मंदिर ही या प्रदेशातील उत्तर चालुक्यकालीन स्थापत्याची उदाहरणे होत. मूर्तिकामात छिन्नीच्या खुणा आधी जाड्या व नंतर बारीक अपघर्षकाने पाण्याबरोबर घासून नाहीशा कराव्या लागतात. याच दगडाच्या पाट्याला व जात्याला मात्र टाकी लावून मुद्दाम खरबरीतपणा आणला जातो. एकाच दगडाचा टाकी लावलेला भाग करडा व गुळगुळीत भाग काळाभोर दिसतो. म्हणजे दगडाचा काळेपणा हा त्याच्या द्रव्याइतकाच त्याच्या पृष्ठाच्या घडणीवर अवलंबून असतो. हे कारागिरांच्या हातांना शास्त्रीय उपपत्तीच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

बीदर ही १५ व्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी राज्याची राजधानी झाली. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे आज लातूर जिल्ह्यात असलेले तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद संस्थानच्या व नंतर हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत. त्यामुळे बिदरी काम ही या परिसराला परकी कला नव्हे. बिदरी भांडे जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे ओततात. त्यात जस्ताचे प्रमाण फार मोठे असून तांबे अल्प असते. ओतलेले भांडे कानशीने व तासणीने साफ करून गुळगुळीत करतात. मग त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात व सर्व पृष्ठ पुन्हा घासून एकसारखे करतात. शेवटी भांडे थोडे गरम करून त्यावर बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप चोळतात. त्याने मिश्रधातू काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. अखेरीस तेलाचा हात फिरवून काळेपणा खुलवितात.

या क्रमातील महत्त्वाची गोष्ट अशी की, भांडे काळे करण्याची अंतिम क्रिया घासण्याची सर्व कामे उरकल्यावरच केली जाते. काळा थर अत्यंत पातळ असल्यामुळे त्यावर पुन्हा अपघर्षक चालविता येत नाही. आणि आधीच्या घासकामात राहिलेला दोष काळ्या रंगाखाली झाकलाही जात नाही. प्रत्येक पायरीने मागच्या पायरीच्या खुणा पूर्णपणे पुसल्या पाहिजेत, हा नियम येथे कारागिराला पाळावाच लागतो. मोटारगाडीच्या झिलईतही पुढे हाच नियम मूलभूत ठरला.

उपपत्तीचा विकास : झिलई होते म्हणजे नेमके काय होते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. सर आयझॅक न्यूटन यांनी १६६८ मध्ये परावर्ती दूरदर्शकाचा धातूचा आरसा स्वतः घासून तयार केला होता. झिलई म्हणजे ओरखडे नाहीसे करणे नव्हे, तर ते डोळ्यास दिसणार नाहीत इतके बारीक करणे होय, असे त्यांनी ऑप्टिक्स (१७०४) या ग्रंथात प्रतिपादिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड रॅली यांनी काचेच्या झिलईत द्रव्य जवळजवळ रेणूंच्या प्रमाणावर निघून जाते, असे मत मांडले. सर जॉर्ज बिल्बी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याउलट भूमिका घेतली. घर्षणाने पृष्ठावरील द्रव्य वाहते आणि खाचा भरून काढते, असे त्यांचे म्हणणे होते. एफ्. पी. बोडेन व टी. पी. ह्यूझ यांनी १९३७ मध्ये अपघर्षकाच्या कठिनतेइतकेच दोन्ही पदार्थांच्या वितळबिंदूंनाही महत्त्व असल्याचे प्रयोगांनी दाखविले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने झालेल्या संशोधनातून धातूंच्या नेहमीच्या झिलईत द्रव्य कापले जाणे हीच मुख्य क्रिया असल्याचे दिसून आले. सारांश, न्यूटन यांची कल्पना कारागिराच्या दृष्टीने आजही उपयोगी आहे.

मोटारगाडीचा रंगलेप : घोडागाड्यांना व आरंभीच्या मोटारींना तैलरंग व व्हार्निश यांचे अनेक हात देत. प्रत्येक हात वाळवून पमिसाच्या (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या) भुकटीने घासावा लागे. त्यामुळे एका गाडीला कित्येक आठवडे लागत. फोर्ड कंपनीची टी मॉडेल गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. १९२३ मध्ये ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजाचा ड्यूको हा जलद वाळणारा रंग आणला व आठवड्यांचे काम दिवसांवर आले. हा रंग वाळल्यावर निस्तेज दिसे. त्यामुळे तो घासून चमकविणे हा रंगकामाचाच भाग बनला. याच सुमारास, १९२१ मध्ये, अमेरिकेतील थ्री एम कंपनीने पाण्याबरोबर वापरता येणारा घासकागद बाजारात आणला. त्याने काम नितळ होऊ लागले, शिवाय रंगाऱ्याच्या फुप्फुसांत जाणारी धूळही कमी झाली. त्यानंतर अल्किड व ॲक्रिलिक रंग प्रचारात आले. १९८० नंतर रंगाचा पातळ थर व त्यावर पारदर्शक थर ही द्विस्तर पद्धती सर्वत्र रूढ झाली. आधुनिक गाडीवरील पारदर्शक थर सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मानवी केसाच्या जाडीहूनही कमी असतो. भारतातील गॅरेजांत एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग व त्यावर ‘रबिंग’ ही पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. घट्ट, एकस्तरी रंगावर शिकलेला हात तोच जोर पातळ पारदर्शक थरावर लावू लागला, तेव्हा अनेक गाड्यांच्या कडांवरील थर उडाला.

यांत्रिक झिलई : विजेवर चालणारे हातयंत्र जर्मनीतील फाइन कंपनीने १८९५ मध्ये छिद्रे पाडण्यासाठी बनविले. अशा हातयंत्रांना पुढे झिलईची गोल गादी बसविण्यात आली. परिभ्रमी यंत्रात ही गादी स्थिर अक्षाभोवती मिनिटास साधारणतः ६०० ते २,००० फेरे घेते. लोकरीची गादी जलद कापते; पण तिचे तंतू व अपघर्षकाचे कण एकाच दिशेने वारंवार जात असल्यामुळे काळ्या रंगावर गादीच्या मार्गाचे लांबट, सरकते पट्टे उमटतात. सावलीत निर्दोष दिसणारी गाडी उन्हात नेताच हे पट्टे प्रकट होतात. द्विक्रिय यंत्रात गादी स्वतःभोवती फिरते व तिचा मध्य त्याच वेळी लहान वर्तुळात फिरतो. म्हणून कोणताही कण एकाच मार्गाने पुनःपुन्हा जात नाही. हे यंत्र सावकाश कापते व कमी उष्णता निर्माण करते. एकविसाव्या शतकात मोठ्या उत्केंद्रतेची द्विक्रिय यंत्रे प्रचारात आल्यावर हा वेगातील फरक बराच कमी झाला.

गडद गाडीची झिलई पुढील क्रमाने करतात : (१) गाडी भरपूर पाण्याने धुऊन रंगात रुतलेले कण चिकण पदार्थाने उचलून घेणे, (२) मापकाने लेपाची जाडी पाहणे, (३) एका लहान चौकोनावर सर्वांत सौम्य गादी व द्रव वापरून पाहणे व त्याने काम न झाल्यासच अधिक तीव्र जोडी घेणे, (४) तीव्र गादीचे काम झाल्यावर मऊ फोमची गादी व ॲल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण असलेला द्रव यांनी कमी दाबाने शेवटचा हात देणे, (५) गादी वारंवार साफ करणे, (६) सौम्य अल्कोहॉलाने तेलकटपणा पुसून प्रखर दिव्याखाली परीक्षा करणे. शेवटची पायरी टाळली, तर द्रवातील तेलाने भरलेले ओरखडे काही धुण्यांनंतर पुन्हा दिसू लागतात. पुसण्याचा फडकाही मऊ व स्वच्छ असावा लागतो. यंत्राने साधलेले काम एका धुळकट फडक्याने वाया जाते.

स्थानिक परिस्थिती : नांदेड व लातूर येथे या कामाला तीन गोष्टी प्रतिकूल आहेत. पहिली धूळ. काळ्या जमिनीतील चिकणमाती मऊ असली, तरी खडी केंद्रांतून उडणारी बेसाल्टाची पूड रंगलेपाहून पुष्कळच कठीण असते. देगलूर व बिलोली या भागांत ग्रॅनाइटी खडक असून त्यांतील क्वॉर्ट्झाची कठिनता मोस मापक्रमावर ७ आहे. दुसरी उष्णता. उन्हाळ्यात येथील तापमान ४०° से. च्या वर जाते व उन्हात उभ्या काळ्या पत्र्याचे तापमान ६०° से. हून अधिक होते. अशा पत्र्यावर द्रव तत्काळ वाळतो व लेप मऊ पडतो; त्यामुळे झिलई सावलीत, पत्रा निवल्यावरच करावी लागते. तिसरी व सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते व ते वाळल्यावर काळ्या रंगावर क्षारांचे पांढरे डाग राहतात.

पाणीटंचाईच्या काळात गाडी न धुता कोरड्या फडक्याने झटकून पुसण्याची सवय लागते व सूक्ष्म ओरखड्यांचे ते प्रमुख कारण होय. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. ‘जलदूत’ नावाची पहिली गाडी १० टाक्यांतून सु. ५ लक्ष लि. पाणी घेऊन १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. पिण्याचे पाणी जेथे साडेतीनशे किमी. अंतरावरून आणावे लागले, तेथे गाडी धुण्यासाठी पाणी ओतणे कोणालाही शोभणारे नव्हते. अशा वेळी धूळ तशीच राहू देणे हा कोरडे पुसण्यापेक्षा गाडीच्या दृष्टीनेही अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. पाणी मोजकेच असल्यास दोन बादल्या ठेवून, एकीत साबणाचे पाणी व दुसरीत फडका खळबळण्याचे पाणी अशी व्यवस्था करतात.

मर्यादा : झिलई म्हणजे दुरुस्ती नव्हे, ती मोजून केलेली झीज आहे. शेवटच्या सौम्य हाताने मायक्रॉनभर किंवा त्याहूनही कमी लेप जातो, तीव्र हाताने काही मायक्रॉन जातात. पारदर्शक थर पातळ झाला की जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांपासून मिळणारे संरक्षण घटते व लेप अकाली खराब होतो. म्हणून नखाला लागणारा खोल ओरखडा पूर्णपणे काढण्याचा आग्रह न धरता त्याच्या कडा बोथट करून थांबणे हे अनुभवी कारागिराचे लक्षण मानले जाते. बिदरी भांड्यावर अंतिम काळा थर आल्यावर कारागीर अपघर्षक बाजूला ठेवतो व केवळ तेलाचा हात फिरवितो. काळ्या मोटारगाडीच्या बाबतीतही एकदा पृष्ठ नितळ झाल्यावर मेणाचा किंवा तत्सम संरक्षक लेप देणे, ते जपून धुणे व शक्य तितके कमी घासणे, हेच चकाकी टिकविण्याचे खात्रीचे साधन होय.