दात भरला, मग सणक कशाची?

दाढ किडली म्हणून दंतवैद्याकडे जाऊन भरून घेतली. सुटलो एकदाचे, असे म्हणत संध्याकाळी माठातले पाणी प्यायलो, तर अशी सणक गेली की पेला खाली ठेवावा लागला. हा अनुभव माझा; आपल्यापैकी अनेकांचाही असेल. कीड काढली, खड्डा बुजवला, मग दुखते काय? प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तराचा धागा हाती आल्यापासून ते नीट उलगडेपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे गेली.

हा धागा सापडला हॉलंडमधील डेल्फ्ट गावी. तेथील कापडाचे व्यापारी लिव्हेनहूक स्वतः घासलेल्या भिंगांतून दिसेल ती वस्तू न्याहाळत. दात भरीव नसून अतिसूक्ष्म नळ्यांचा बनलेला आहे, हे त्यांचे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७८ साली छापले. दाताचे बाहेरचे कठीण कवच म्हणजे इनॅमल. त्याखाली डेंटीन आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व चेतातंतू असलेला मऊ मगज. लिव्हेनहूक यांनी पाहिलेल्या नळ्या डेंटीनमधल्या. त्यांचा व्यास साधारण १ ते २.५ मायक्रॉन असतो आणि डेंटीनच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या हजारोंनी असतात. प्रत्येक नळीत द्रव भरलेला असतो.

नळ्या दिसल्या, तरी वेदनेचे कोडे सुटले नाही. चेतातंतू मगजातून डेंटीनमध्ये शिरतात खरे, पण आतल्या बाजूला जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत. तरीही इनॅमलच्या लगतच्या, म्हणजे चेतातंतूंपासून लांब असलेल्या डेंटीनला हत्यार लागले की माणूस खुर्चीतून उसळतो. आणखी गंमत अशी, की जी रसायने सोललेल्या त्वचेवर टाकली असता आग होते, त्यांतली अनेक उघड्या डेंटीनवर ठेवली तरी दुखत नाही. उलट, बधिर करणारे औषध तेथे लावून दुखणे थांबतही नाही. म्हणजे पृष्ठभागावर चेतातंतू नाहीत. मग निरोप आत नेतो कोण?

झुरिकचे दंतशास्त्रज्ञ आल्फ्रेड गिझी यांनी १९०० साली सुचवले की निरोप्या म्हणजे नळ्यांतला द्रवच. तो बाहेरच्या टोकाला हलला की आतही हलतो. ही कल्पना बराच काळ मागे पडली. १९६०च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी ती प्रयोगांनी पुढे आणली. त्यांनी उघड्या डेंटीनवर कोरडा शोषक कागद ठेवला. टिपकागद शाई ओढतो तसा तो नळ्यांतला द्रव ओढू लागला, आणि दात दुखला! हवेच्या झोताने द्रव सुकतो, थंडीने आकुंचन पावतो, घट्ट पाकामुळे परासरणाने बाहेर ओढला जातो. चारही कारणे वेगळी, परिणाम एकच : द्रव हलतो आणि आतले चेतातंतू चाळवले जातात. केशाकर्षण, बाष्पीभवन, आकुंचन, परासरण हे आपण वर्गात शिकवतो, ते सारे एका दाढेत घडते.

आता भरलेल्या दाढेकडे वळू. कीड कोरताना हजारो नळ्यांची तोंडे उघडतात. दाताच्या रंगाचे जे भरण आज वापरतात, त्या कॉम्पोझिटमागे अमेरिकेतील दोन शोध आहेत : बुओनोकोर यांनी १९५५ साली आम्लाने इनॅमल खरबरीत करून त्यावर प्लास्टिक चिकटवले, आणि बोवेन यांनी तयार केलेल्या राळेला १९६२ साली पेटंट मिळाले. पण ही राळ घट्ट होताना थोडी आकसते. त्यामुळे भरण आणि डेंटीन यांत कोठे फट राहिली, तर तिच्यात द्रव साचतो. गार पाणी लागले किंवा घास चावला की तो हलतो, आणि सणक जाते.

पूर्वी दुखण्याचा दोष भरणातल्या आम्लाला दिला जाई. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा मगजापर्यंत कोरून उघड्या ठेवल्या. सर्वसाधारण उंदरांचा मगज मेला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्यांचा मात्र भरून आला. त्यामुळे लक्ष भरणाच्या पदार्थावरून फटीतून शिरणाऱ्या जंतूंकडे वळले. फट बुजवणे महत्त्वाचे ठरले ते यामुळेच.

या इतिहासाचा आपल्याला रोजच्या व्यवहारात उपयोग आहे. गार लागल्यावर क्षणभर येणारी आणि लगेच विरणारी सणक बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत कमी होते. फक्त चावताना दुखत असेल तर भरण उंच राहिले असण्याचा संभव असतो. ते घासून घेता येते. मात्र गरम लागल्यावर ठणका मिनिटे न् मिनिटे टिकत असेल, किंवा दाढ रात्री आपोआप ठणकून झोपमोड करत असेल, तर मगजाला सूज आली असण्याची शक्यता असते. तेव्हा गोळ्या खाऊन दिवस काढू नयेत. दंतवैद्याला पुन्हा दाखवावे.

गोष्ट येथेही संपलेली नाही. डेंटीन बनवणाऱ्या पेशींमध्ये थंडी ओळखणारे एक प्रथिन, टीआरपीसी-५, काम करते, असे २०२१ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. लवंगेच्या तेलातील युजेनॉल या प्रथिनाला अटकाव करते. म्हणजे द्रवाच्या जोडीला दुसराही निरोप्या असू शकतो. दाढेत लवंग धरायला सांगणाऱ्या आजीला हे ठाऊक नव्हते. गुण येतो, एवढे मात्र तिने पारखले होते.