हिंगोलीची छावणी आणि वऱ्हाडचा हिशेब

पैनगंगेच्या दक्षिणेस हिंगोलीचा मुलूख, उत्तरेस वऱ्हाड. मधून वाहणाऱ्या नदीनें हे दोन प्रांत वेगळे केले. एका हिशेबाच्या वहीनें मात्र अर्धशतकभर ते एकत्र बांधले गेले होते.

हैदराबादचा निजाम आणि इंग्रज कंपनी यांच्यांत १८०० सालीं तह झाला. युद्धप्रसंगीं निजामानें ६,००० पायदळ व ९,००० स्वार मदतीस द्यावे असें ठरलें. पुढें रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दींत इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं एक कवाइती फौज उभी राहिली. तीच हैदराबाद कंटिंजंट. हिंगोली ही तिची एक छावणी. ही फौज शांततेच्या काळीं बारमाही पोसावी असें तहांत कोठेंही नव्हतें. तरी पगार निजामाच्याच माथीं बसला. खजिना रिता पडला, तेव्हां कंपनीनें पैसे भरावे आणि ते निजामाच्या नांवें मांडावे, असा क्रम सुरू झाला.

अखेर १८५३ च्या मे महिन्यांत नासिरुद्दौला निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत कंपनीनें फौजेच्या खर्चासाठीं लावून घेतले. मालकी निजामाची, वसूल कंपनीचा. दरसाल हिशेब द्यावा व शिल्लक परत करावी, असें कलम मात्र तहांत होतें.

१८५७ च्या वादळांत दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूस राहिला. त्याचें बक्षीस म्हणून १८६० सालीं धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लक्षांचें कर्ज माफ झालें. पण त्याच तहानें वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडून दिला. सालारजंग १८७६ सालीं विलायतेस जाऊन आला. तरी वऱ्हाड हातीं आलें नाहीं. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यानें दरसाल २५ लक्ष रुपयांच्या बदल्यांत तें कायमचें आपल्याकडे ठेविलें. १९०३ सालीं कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन होऊन हिंगोलीची छावणी उठली. फौज गेली, तिच्या खर्चासाठीं घेतलेला प्रांत मात्र परत आला नाहीं.

१९५६ पासून हिंगोली व वऱ्हाड एकाच राज्यांत आहेत. १९९६ सालीं बँकॉक येथें आशिया व युरोप यांतील राष्ट्रांचे पुढारी प्रथमच एका परिषदेस समोरासमोर बसले. अशा प्रत्येक बैठकीस हिंगोलीचा हा इतिहास सांगण्यासारखा आहे. मैत्रीचे शब्द १८०० च्या तहांतही होतेच. पण ज्या मैत्रींत एका पक्षास हिशेब विचारण्याचा अधिकार उरत नाहीं, तिचें ताबेदारींत रूपांतर होण्यास वेळ लागत नाहीं.