शोध कोणाचा, बाजार कोणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतो. मी तेव्हा शाळेत होतो. मोमिनपुऱ्यात आमचे किराण्याचे छोटे दुकान होते. आमच्या नागपुरात व्यापाराचे दोनच प्रकार, ठोक आणि चिल्लर. ठोक इतवारीत आणि चिल्लर गल्लीत. आमचे दुकान चिल्लरचे.

एकदा अब्बा मुंबईला जाऊन आले. तिथे त्यांनी एक मोठे ग्राहक भांडार पाहिले. गिऱ्हाईक स्वतः आत जाते, फळीवरचा माल आपल्या हाताने घेते आणि दाराशी येऊन पैसे देते. अब्बा या गोष्टीने भारावून गेले होते. परत आल्यावर त्यांनी सुताराला बोलावले, दुकानातला काउंटर मागे सरकवला, साबण, काडेपेट्या, चहाच्या पुड्या समोरच्या फळ्यांवर मांडल्या आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले.

गिऱ्हाईक आले, पण ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "पावभर साखर द्या," म्हणाले. अब्बा म्हणाले, आत या, काय हवे ते घ्या. गिऱ्हाईक नुसते हसले. पंधरा दिवस हेच चालले. शेवटी काउंटर पुन्हा पुढे आला. अम्मीने त्याचे कारण एका वाक्यात सांगितले होते. आपले निम्मे गिऱ्हाईक उधारीवाले आहे. पैसे न देता स्वतःच्या हाताने डबा उचलायचा म्हणजे त्याला चोरी केल्यासारखे वाटते, दुकानदाराने तोच डबा हातात दिला की ती उधारी होते.

आज शोध आणि नवोपक्रम यांतला फरक सांगायला बसलो, तेव्हा सगळ्यात आधी मला तो काउंटर आठवला.

आपल्या मराठीत 'शोध' या एका शब्दाकडून आपण फार कामे करून घेतो. हरवलेली किल्ली आपण शोधतो, न्यूटनला गुरुत्वाकर्षणाचा शोध लागतो आणि एडिसन फोनोग्राफचा शोध लावतो. उर्दूत यासाठी 'ईजाद' आणि 'जिद्दत' असे दोन निराळे शब्द आहेत. जे नव्हतेच ते घडवणे म्हणजे ईजाद. जे आहे त्यालाच नवे वळण देणे, त्यात ताजेपणा आणणे म्हणजे जिद्दत. अर्थशास्त्रातही हा भेद आहे. जोसेफ शुंपीटर या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने 1911 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आर्थिक विकासाची पाच दारे सांगितली : नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि धंद्याची नवी रचना. शोध कितीही थोर असो, तो व्यवहारात उतरेपर्यंत अर्थकारणाच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही, असे त्याचे म्हणणे. शोध लावणारा एक असतो आणि तो व्यवहारात उतरवणारा बहुधा दुसराच असतो.

दुकानदारीच्या इतिहासात याचे दाखले जागोजाग मिळतात. अब्बांनी मुंबईत पाहिलेली ती 'स्वतः घ्या' पद्धत अमेरिकेत मेंफिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने 1916 साली आपल्या 'पिगली विगली' दुकानात सुरू केली. त्यात नवे यंत्र एकही नव्हते. त्याने फक्त काउंटरमागचा माल काउंटरपुढे आणला. पुढे 1937 साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी चाकांची टोपलीगाडी आणली. घडीची खुर्ची, तिला चाके आणि वर टोपल्या! पण गिऱ्हाईक तिला हात लावेना. तेव्हा गोल्डमनने काही माणसे पगारावर ठेवली. त्यांचे काम एकच, गाडी ढकलत दुकानात खरेदीचे सोंग करणे. त्यांना पाहून लोकांची भीड चेपली. अब्बांना ही युक्ती ठाऊक असती तर, असे मला अनेकदा वाटते; पण उधारीची भीड अशी भाड्याच्या माणसांनी चेपली नसती, हेही खरे.

आता त्या काळ्या-पांढऱ्या रेघांची, म्हणजे बारकोडची गोष्ट पाहा. नॉर्मन जोसेफ वुडलँड हा तरुण मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटे रोवून बसला होता. मनात मोर्सच्या तारेचे ठिपके आणि रेघा घोळत होत्या. त्याने बोटे खाली ओढली, वाळूत जाड-बारीक रेघा उमटल्या आणि त्याला कल्पना सुचली. त्याने आणि बर्नार्ड सिल्व्हर या मित्राने 1949 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1952 साली ते मिळाले. मात्र दुकानात त्या रेघा पहिल्यांदा वाचल्या गेल्या त्या 26 जून 1974 रोजी, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. वस्तू होती च्युइंगमचे पाकीट. पेटंट आणि पाकीट यांच्यामध्ये 22 वर्षे गेली. त्या अवधीत सिल्व्हर वारला आणि पेटंट केवळ 15 हजार डॉलरला विकले गेले होते.

एवढा उशीर का झाला? रेघा स्वस्तात वाचायला लेसर हवा होता, तो 1960 साली आला. दुकानात मावेल असा संगणक हवा होता. आणि सगळ्यात अवघड म्हणजे साबणवाला, बिस्किटवाला, दुकानदार या साऱ्यांनी एकच खूण मान्य करायला हवी होती. ही सहमती 1973 साली झाली. शोधाला एक समुद्रकिनारा पुरला, नवोपक्रमाला मात्र साऱ्या बाजाराची संमती लागली.

पण श्रोतेहो, यासाठी अमेरिकेला कशाला जायचे? याचा सर्वांत उत्तम धडा आपल्या नागपुरातच आहे, जुम्मा तलावाकाठी. त्यालाच आपण शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो.

जमशेटजी टाटांनी 1874 साली कंपनी काढली आणि 1 जानेवारी 1877 रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले, म्हणून हे नाव. त्या काळी गिरण्या मुंबईत निघत. जमशेटजींनी उलटा हिशेब केला. कापूस विदर्भात पिकतो, कोळसा वर्धा खोऱ्यात निघतो, रेल्वे 1867 सालीच नागपूरला पोचली आहे, मग गिरणी मुंबईत कशासाठी? ज्या जागी त्यांनी गिरणी बांधायला घेतली ती दलदलीची होती, भराव टाकावा लागला. एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला. हा माणूस मातीत सोने घालतो आहे, असे तो म्हणाला. पुढे त्याच सावकाराने कबूल केले, की या माणसाने माती घातली आणि सोने काढले. ही गोष्ट टाटांच्या चरित्रात नोंदलेली आहे.

ते सोने कसे निघाले, हे पाहण्यासारखे आहे. सूत कातायला त्या वेळी लँकेशायरमध्ये 'म्यूल' नावाचे यंत्र वापरत. त्यावर काम करायला वर्षानुवर्षे हात बसलेला, कसलेला कारागीर लागे. दुसरीकडे जॉन थॉर्प या अमेरिकनाने 1828 साली रिंग चातीचा शोध लावला होता. या चातीवर कातणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता चाले आणि काम शिकायलाही सोपे होते. तरीही इंग्लंडातल्या गिरण्यांनी तिला लवकर जवळ केले नाही. त्यांच्याकडे म्यूलवरचे निष्णात कारागीर होते, मग नसती उठाठेव कशाला? नागपुरात असे कारागीर नव्हतेच. जमशेटजींनी 1880 च्या दशकात रिंगची यंत्रे प्रयोगादाखल आणवली, ती उपयोगी ठरल्यावर वाढवली आणि लँकेशायरच्या कितीतरी आधी नागपूरची गिरणी रिंगवर सूत कातू लागली. शोध अमेरिकेचा आणि यंत्र विलायतेचे. पण ते कुठे, कोणाच्या हाती आणि कशासाठी द्यायचे, हे ठरवले नागपूरने.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते, सुताचा त्यांना गंध नव्हता. यंत्रे आली, पण माणसे रोज कामावर येत ना. शेतीच्या दिवसांत, सणासुदीला गिरणी ओस पडे. तेव्हा मालकांनी शिक्षेपेक्षा सवलतींवर भर दिला. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे सुरू झाली, कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला. हवेत ओलावा राखणारी यंत्रे आली, आग विझवणारे फवारे आले. यातले यंत्र कोणी ना कोणी आधी शोधलेलेच होते. कामगाराला गिरणीत टिकवण्याची ही पद्धत मात्र त्या काळी देशात नवी होती. शुंपीटरचे पुस्तक यायला अजून पंचवीस-तीस वर्षे होती.

महाराष्ट्रातल्या दुकानदारीतही असे पुष्कळ घडले आहे. मुंबईत 1948 साली नायगावच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर भांडार काढले, तेच पुढे 'अपना बाजार' झाले. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून तर दुकानच काढून टाकले! शेजारची काही कुटुंबे एकत्र येतात, महिन्याची यादी देतात, एकदम खरेदी केलेला माल ट्रकने येतो आणि कोणाच्या तरी घरी सगळे मिळून तो वाटून घेतात. यात यंत्र नाही, पेटंट नाही, तरी नवोपक्रम अस्सल आहे. राधाकिशन दमाणींच्या 'डी-मार्ट'चे पहिले दुकान 2002 साली पवईत उघडले. माल देणाऱ्याला पैसे लवकर द्यायचे, त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा आणि तो फायदा गिऱ्हाइकाला द्यायचा, हे त्यांचे गणित. आपल्या इतवारीतला कोणताही जुना व्यापारी म्हणेल, यात नवे काय? रोखीचा भाव वेगळा असतो, हे आम्हाला आजोबांपासून माहीत आहे! ते खरेच आहे. नवे आहे ते एवढेच, की हे गणित त्यांनी शेकडो दुकानांत न चुकता चालवले.

मी कवी माणूस, म्हणून मला हे सारे कवितेत पटकन दिसते. गझलचा आकृतिबंध मराठीत घडलेला नाही, तो अरबी-फारसीतून आला. माधव जूलियनांनी तो मराठीत आणला, पण बराच काळ तो अभ्यासकांपुरताच राहिला. अमरावतीला जन्मलेल्या आणि नागपुरात राहिलेल्या सुरेश भटांनी तो घरोघरी नेला. आकृतिबंध भटांनी शोधला नव्हता, पण मराठी माणसाची गझल भटांमुळे झाली, हे कोण नाकारील?

आता या कौतुकाची दुसरी बाजू. नवोपक्रम म्हणजे सगळ्यांचेच भले, असे समजायचे कारण नाही. रिंग चातीने म्यूलवाल्या कारागिराचे कसब जुने केले. गिरणीच्या कापडाने हातमाग मागे टाकले. आमच्या मोमिनपुऱ्यात एके काळी गल्लोगल्ली मागांचा आवाज घुमे. माझ्या आजोबांचा माग माझ्या जन्माआधीच थांबला आणि त्या खोलीत किराण्याचे दुकान आले. पुढे गिरणीवरही वेळ आली. एम्प्रेस मिल 1986 साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 साली बंद पडली. आज त्या जमिनीवर मॉल आहे. जिथे सूत काढण्याची नवी रीत आली, तिथेच विकण्याची नवी रीत आली. गिरणीत हजारो माणसे कामाला जात, मॉलमध्ये हजारो माणसे खरेदीला जातात. जागा एकच असली, तरी या दोन वाक्यांत खूप अंतर आहे.

म्हणून नवी रीत आली की मी तीन प्रश्न विचारतो. ही कोणाची अडचण दूर करते? ती अंगवळणी पडायला कोणाला सवय बदलावी लागते? आणि तिची किंमत कोण मोजतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत मिळते. उरलेल्या दोघांची उत्तरे गल्लीत जाऊन शोधावी लागतात.

आमचे दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. काट्याशेजारी क्यूआर कोडची पाटी आहे. हा चौकोन 1994 साली जपानमध्ये डेन्सो वेव्हच्या मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. पेटंट हाती असूनही त्यांनी तो सर्वांना वापरू दिला. भारतात 2016 साली यूपीआय आले आणि जपानी कारखान्यातला तो चौकोन भाजीच्या ठेल्यावर येऊन बसला. त्याला कोणी भाड्याची माणसे आणून चालवले नाही. चिल्लर सुट्या पैशांची कटकट आधीपासून होतीच.

मागच्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो. आमचे एक जुने गिऱ्हाईक आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. सामान घेतले, "लिहून ठेवा," म्हणाले आणि मागच्या महिन्याचा हिशेब विचारला. भावाने वही काढली, आकडा सांगितला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चौकोनासमोर धरला आणि पैसे चुकते केले. भावाने वहीतल्या जुन्या पानावर रेघ मारली आणि नव्या पानावर त्यांचे नाव लिहिले. अब्बा असते तर त्यांनी काउंटरकडे एकदा पाहिले असते आणि हसले असते.