आरसी हेलिकॉप्टरचं नवं ग्लो इंजिन ब्रेक-इन कसं करायचं?

नवी बाईक घेतली की घरातलं कुणीतरी सांगतंच, "पहिले हजार किलोमीटर दाबू नकोस." मॉडेल हेलिकॉप्टरच्या इंजिनालाही हाच नियम आहे. फरक एवढाच की इथे सगळा खेळ पहिल्या पाच-सहा टाक्यांमध्ये आटपतो आणि चूक झाली तर सर्व्हिस सेंटर नसतं. हल्ली बहुतेक आरसी हेलिकॉप्टर बॅटरीवर उडतात, पण सेकंडहँडमध्ये ग्लो इंजिनवाली अजून मिळतात. असं एखादं घेऊन त्यात नवं इंजिन बसवणार असाल, तर स्टार्टर हातात घेण्याआधी हे वाचा.

ग्लो इंजिन म्हणजे काय?

हे छोटं टू-स्ट्रोक इंजिन. '५० साइज' म्हणजे ०.५० घनइंच, साधारण ८.२ सीसी. पेट्रोलऐवजी यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण जातं. स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना त्याला सुमारे दीड व्होल्ट देऊन लालबुंद करायचं. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी काढली तरी चालते, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमवर जळते आणि तार आपोआप तापलेली राहते.

आता मुद्द्याची गोष्ट. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नाही. इंधनात मिसळलेलं तेल हेच वंगण, आणि आत येणारं मिथेनॉल वाफ होताना जी उष्णता शोषतं ती थंडाव्याची मोठी सोय. म्हणजे इंधन कमी झालं की तेलही कमी आणि थंडावाही कमी, दोन्ही एकदम. म्हणूनच ब्रेक-इनचा जवळजवळ सगळा विषय 'मिश्रण रिच ठेवा' इथे येऊन थांबतो. रिच म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, लीन म्हणजे कमी. कार्बोरेटरवरची मुख्य नीडल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की मिश्रण रिच होतं.

आधी इंजिनाचा प्रकार बघा

पिस्टनला रिंग असेल तर ती रिंग लायनरला घासून नीट बसणं, हेच ब्रेक-इन. अशा इंजिनाला सुरुवातीला बऱ्यापैकी रिच चालवलं तरी बिघडत नाही.

एबीसी प्रकारात रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर आणि त्यावर क्रोमचा थर. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. थंड असताना पिस्टन वर अडकल्यासारखा वाटतो, तो दोष नाही. तापल्यावर लायनर पसरतो आणि फिट बरोबर होतो. त्यामुळे 'जपून' म्हणून हे इंजिन फार रिच आणि थंड चालवलं तर उलटं नुकसान होतं. ती जागा घट्टच राहते आणि ताण कनेक्टिंग रॉडवर येतो. रिच ठेवायचं, पण इंजिन नीट तापलं पाहिजे. थंड एबीसी इंजिन गंमत म्हणून हाताने फिरवत बसू नका.

विमानासारखं टेबलावर का चालत नाही?

विमानाचं इंजिन स्टँडवर बांधून, पंखा लावून चालवता येतं. हेलिकॉप्टरच्या इंजिनाला थंड हवा देतो तो आतला कूलिंग फॅन, आणि लोड मिळतो तो क्लचमधून रोटरचा. ब्लेड काढून थ्रॉटल दिला तर लोडच नाही, इंजिन भलत्या वेगाने पळतं. नुसतं आयडलवर तासभर ठेवलं तर ते धड तापत नाही. म्हणून ब्रेक-इन करायचं ते हॉवर करत, म्हणजे जमिनीपासून थोडं वर एका जागी स्थिर ठेवून.

यातून एक कडू सल्ला निघतो. तुम्हाला अजून हॉवर जमत नसेल तर हे काम जमणाऱ्याकडून करून घ्या. ५० साइजच्या रोटरचा व्यास सुमारे १.३५ मीटर असतो. मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी ४३० किलोमीटरच्या आसपास जातो. हे खेळणं नाही. तुम्ही आणि हेलिकॉप्टर यांच्यात किमान दहा मीटर ठेवा, बघायला आलेल्या मुलांना तुमच्या मागे उभं करा. मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर ती जागा ग्रीन झोनमध्ये आहे का तेही बघा.

पहिली टाकी

पुढे ज्या इंधनावर उडवणार तेच वापरा. नायट्रोचं प्रमाण बदललं की नीडलची सेटिंग बदलते. तेल १८ ते २० टक्के असलेलं चांगलं. नीडल मॅन्युअलमध्ये दिली आहे तिथून सुरू करा आणि त्याहून थोडी उघडीच ठेवा. गव्हर्नर असेल तर मी तो या काळात बंद ठेवतो, कारण तो वेग सांभाळायला स्वतःच थ्रॉटल उघडतो आणि इंजिन काय सांगतंय ते झाकून टाकतो.

स्टार्ट करताना थ्रॉटल आयडलवर आहे याची दोनदा खात्री करा आणि रोटर हेड एका हाताने घट्ट धरा. स्टार्टर मध्येच अडला तर जोर लावू नका. सिलेंडरमध्ये इंधन साचलेलं असतं आणि द्रव काही दाबला जात नाही, वाकतो तो रॉड. प्लग काढा, इंजिन फिरवून इंधन बाहेर उडू द्या (तोंड बाजूला!), मग पुन्हा सुरुवात.

चालू झाल्यावर शांत हॉवर. सायलेन्सरमधून भरपूर पांढरा धूर दिसला पाहिजे. आवाज थोडा जड, मधूनच अडखळता असेल, तोच हवा आहे. चार-पाच मिनिटांनी उतरवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. तापणं आणि थंड होणं हे चक्रच खरं काम करतं. थंड असताना हेडचे आणि सायलेन्सरचे स्क्रू तपासा. दुसऱ्या टाकीपासून नीडल दोन-तीन क्लिकच बंद करत चला. उलटं उडवणं, जोरात वर चढवणं हे सगळं नंतर.

फोन इथे कामाला येतो

हा माझा आवडता भाग. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला एकदा पेटतं. फोनवर ऑडिओ स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. आलेखात २४० हर्ट्झला शेंडा दिसला, तर २४० गुणिले ६०, म्हणजे इंजिन १४,४०० आरपीएमवर आहे. गिअर रेशो ८.५ असेल तर रोटर साधारण १६९४. दुप्पट-तिप्पट आकड्यांवरही शेंडे दिसतील, ते हार्मोनिक्स, गोंधळू नका. आणि बरोबर अर्ध्यावर, १२० हर्ट्झला, शेंडा उगवला तर इंजिन एक फेरी सोडून पेटतंय, म्हणजे मिश्रण बरंच रिच आहे. पहिल्या टाकीला ठीक, पाचव्या टाकीला नको. फोन ट्रायपॉडवर लावून रेकॉर्ड करा, आलेख नंतर बघा. उडत असताना नजर हेलिकॉप्टरवरून हलवायची नाही.

तापमानासाठी कोविडमध्ये घेतलेला कपाळाचा थर्मामीटर चालणार नाही, तो शरीराच्या तापमानापलीकडे आकडाच दाखवत नाही. कारखान्यातला इन्फ्रारेड लागतो, आणि तोही चकचकीत ॲल्युमिनियमवर खरं त्यापेक्षा कमी दाखवतो. जुनी पद्धत सोपी आहे: उतरल्यावर, रोटर पूर्ण थांबल्यावर, इंजिनाच्या मागच्या प्लेटवर बोट ठेवा. चार-पाच सेकंद ठेवता आलं तर बरं. लगेच चटका बसून हात मागे आला तर मिश्रण लीन आहे.

माझं पहिलं इंजिन कसं गेलं

तिसऱ्या टाकीला माझं इंजिन अचानक गोड वाजायला लागलं. आवाज स्वच्छ, वेग वाढलेला. मला वाटलं, बसलं एकदाचं! धूर गायब झाला होता, ते डोळ्यांना दिसत होतं पण डोक्यात शिरलं नाही. अर्ध्या मिनिटात रोटरचा वेग पडला आणि हेलिकॉप्टर अर्ध्या मीटरवरून धपकन खाली बसलं. सायलेन्सरकडून टाकीला दाब देणारी सिलिकॉनची नळी फिटिंगपाशी चिरली होती. दाब गेला, इंधन कमी पोचलं, मिश्रण लीन. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, आणि पिस्टन-लायनरचा सेट नवा. नळी मीच जुनी वापरली होती, वीस-तीस रुपये वाचवायला. ब्रेक-इनच्या काळात आवाज आपोआप 'सुधारला' आणि धूर विरळ झाला, तर कौतुक न करता ताबडतोब उतरवा.

इंधन आणि नंतरची काळजी

मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, आणि ते पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, जीवही. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, ते विष हेच. इंधन कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका, घरात लहान मूल असो वा नसो. कॅनवर ठळक लिहा, हातमोजे घाला. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून झाकण घट्ट हवं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघडा राहिलेला कॅन ब्रेक-इनला वापरूच नका.

दिवस संपला की टाकी रिकामी करा, आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवा. नायट्रोचं जळून उरलेलं आम्लयुक्त अवशेष आत राहिलं तर बेअरिंग गंजतात. प्लग काढून आफ्टर-रन तेलाचे काही थेंब टाका, कार्बोरेटरमधूनही थोडे, आणि ग्लो बॅटरी न लावता स्टार्टरने दोन-चार सेकंद फिरवा. मग प्लग परत लावून ठेवा, म्हणजे धूळ जाणार नाही.